कोहळ्याचा मालक

तुम्ही खोटं मोजलंत, आणि खोटं मोजतोय हे ठाऊक असताना मोजलंत. चूक कुणाकडूनही होते, चुकीबद्दल भांडायला कुणी आलेलं नाही. पण तुमचं यंत्र खोटं बोलतं हे तुम्हाला तीन वर्षांपूर्वी लेखी कळवलं होतं, उदाहरणांसकट. ते तुम्ही वाचलंत, खाली अंगठ्याचं चित्र टाकलंत, आणि पुढं त्याच यंत्राच्या शब्दावर माणसं काढलीत. तुमचं नाव इथं येणार नाही. नाव कुठं लागलं की काय होतं, ते तुम्हीच दाखवून दिलंय. तो भाग पुढं येईलच.

ही गोष्ट श्यामलाची. गळ्यातल्या ऑफिसच्या कार्डावर ‘श्यामला व्ही. राव’. व्ही म्हणजे विश्वासराव, तिचे वडील. राहायला चामराजपेट. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि एचएसआर लेआउटमधल्या ऑफिसात काचेचं दार ढकललं की इंग्रजी. घराण्यातलं कोण कुणाच्या फौजेबरोबर इकडं उतरलं ते विश्वासराव जेवताना सांगायचे आणि श्यामला मान हलवत भात कालवायची. वय त्रेचाळीस. लग्न केलं नाही, त्याची चर्चाही आता संपलेली. धाकट्या भावंडांनी अक्का म्हणायला सुरुवात केली, मग वडीलही अक्काच म्हणू लागले, आणि एकदा फोनवरचा त्यांचा आवाज ऐकून सगळं ऑफिससुद्धा.

कंपनीचं सॉफ्टवेअर रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये चालतं. नमुना आला, तपासला, अहवाल डॉक्टरच्या फोनवर गेला, एवढंच त्याचं काम. ते हळू चालायला लागलं की लॅबवाले शिव्या घालतात. मग कोडचा नेमका कुठला भाग वेळ खातोय ते शोधावं लागतं. ते सांगणाऱ्या हत्याराला प्रोफायलर म्हणतात. बाजारात चांगले प्रोफायलर मिळतात, काही तर फुकट. पण तुम्ही, कंपनीचे साहेब, स्वतः एक लिहिला होतात, तरुणपणी, कंपनी एका फ्लॅटमध्ये होती तेव्हा. त्याचं नाव दर्पण. दर्पणवर कंपनीच्या वेबसाइटवर एक अख्खं पान आहे, तुमच्या हसऱ्या फोटोसकट. त्यामुळं दुसरं काही वापरायची सोयच नव्हती.

दर्पणच्या खोडी सगळ्यांना पाठ होत्या. पहिलं रीडिंग फेकून द्यायचं, दुसरं घ्यायचं. फंक्शनचं, म्हणजे कोडच्या एका तुकड्याचं, नाव लांब झालं की ते मधेच मरायचं, म्हणून नावं तोडून ठेवायची. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला कॅन्टीन दाखवायचं आणि दुसऱ्या दिवशी दर्पणची पथ्यं सांगायची. हे सगळं चालण्यासारखं होतं. एक खोड मात्र चालण्यासारखी नव्हती.

कोड डेटाबेसकडं, म्हणजे माहितीच्या साठ्याकडं, काही मागतं आणि उत्तर येईपर्यंत थांबतं. त्या थांबण्याचा हिशेब दर्पणला ठेवता यायचा नाही. तो वेळ ते हातात धरून ठेवायचं आणि उत्तर आल्यावर जे फंक्शन पहिलं चालेल त्याच्या अंगावर टाकून मोकळं व्हायचं. म्हणजे बस सिल्क बोर्डच्या नेहमी तुंबलेल्या सिग्नलला अडकली, आणि तो सगळा उशीर पुढच्या स्टॉपवर चढलेल्या प्रवाशाच्या तिकिटावर लिहिला. त्या प्रवाशानं काय केलं होतं? काही नाही. तो फक्त चढला.

श्यामलानं हे शोधलं तेव्हा तिचे काही आठवडे गेले होते. स्वच्छ लिहिलेलं कोड उगाच फोडून पुन्हा लिहिणारी पोरं ती बघत होती. दर्पणनं बोट दाखवलं म्हणून ती पोरं स्वतःच्याच कामावर संशय घेत होती. तिनं तुम्हाला लिहिलं. तुम्ही अंगठा टाकलात. दुरुस्ती आली नाही.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवसाची आयुधपूजा आली. ऑफिसच्या दारात नेहमीप्रमाणं झेंडू, लॅपटॉपवर हळदकुंकू, सर्व्हरच्या खोलीला नारळ, आणि शेवटी सिक्युरिटीच्या माणसानं कुंकू भरलेला कोहळा ओवाळून फाटकापुढं आपटला. इमारतीवरची, गाड्यांवरची, माणसांवरची सगळी नजर त्या एका फळानं घ्यायची आणि फुटायचं. बूदगुंबळ म्हणतात त्याला इथं. रस्ताभर तो लाल चिखल बघत श्यामला बसस्टॉपपर्यंत चालत गेली, आणि बसमध्ये तिला ते सुचलं.

सुट्टीनंतर तिनं एक फंक्शन लिहिलं. त्याला काम काहीच नाही. डेटाबेसकडून उत्तर आलं की सगळ्यात आधी त्याला बोलवायचं, बाकीचे नंतर. दर्पण आपल्या हातातला चोरटा वेळ त्याच्यावर टाकेल आणि पुढच्यांची मापं खरी येतील. पहिल्यांदा जमलं नाही, कारण काहीच न करणारं फंक्शन दर्पणला दिसेचना. म्हणून तिनं त्याला उगाच एकापासून दहापर्यंत मोजायला लावलं. मग दिसलं. आणि सगळा वेळ निमूट अंगावर घेऊन उभं राहिलं. त्याचं नाव तिनं ठेवलं कोहळा.

टीम पोट धरून हसली. टीमचा प्रमुख क्षितिज, पुण्याहून आलेला, हुशार, सगळ्यांशी गोड, म्हणाला की अक्का, तुला नोबेल द्यायला पाहिजे. मग त्यानं एक बारीक गोष्ट काढली. कंपनीचा नियम असा की प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर मालकाचं नाव हवं, त्याशिवाय कोड पुढं सरकत नाही. कोहळ्याचा मालक कोण?

“सध्या तुझंच टाक ना,” क्षितिज म्हणाला. “टेम्पररी. दर्पण फिक्स झालं की काढून टाकू.”

तिनं टाकलं. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं कोड निस्तरण्यात गेलेली, त्यात हे एक तिचं स्वतःचं. पुढं शेजारच्या टीमनं कोहळा उचलला, मग त्यांच्या शेजारच्यांनी. जिथं जिथं थांबणं होतं तिथं तिथं कोहळा टांगला गेला, आणि प्रत्येकावर नाव श्यामला राव. नाव बदलण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. नवी पोरं तिला जिन्यात भेटली की म्हणायची, कोहळा अक्का तुम्हीच का?

या वर्षी तुम्ही फर्मान काढलंत. आता माणसांची किंमत गप्पांवर ठरणार नाही, मोजमापावर ठरेल. ज्याच्या नावावरचं कोड जास्त वेळ खातं तो कंपनीला महाग. दर सोमवारी दर्पणचा अहवाल सगळ्यांना दिसेल आणि दसऱ्याच्या सुमारास निर्णय होतील. मोठ्या पडद्यावर तुम्ही हे सांगत होतात तेव्हा मागच्या रांगेतल्या कुणीतरी श्यामलाच्या खांद्यावर हात ठेवला. तिला आधी कळलं नाही का ते.

सोमवारी कळलं. सगळ्या कंपनीत सर्वांत महाग बाई श्यामला राव. दुसऱ्या नंबरचा माणूस इतका खाली होता की त्याची पट्टी पडद्यावर नखाएवढी दिसत होती. कंपनीचं निम्म्याहून जास्त थांबणं तिच्या नावावर होतं, आणि तिच्या त्या फंक्शनचं काम काय, तर एकापासून दहापर्यंत मोजणं.

आधी सगळे हसले. तीही हसली. तिला वाटलं, इतकं वेडंवाकडं आहे की कुणाच्याही लक्षात येईल. दोन-तीन सोमवार गेले आणि हसणारे कमी झाले. तिनं क्षितिजला गाठलं, खाली दर्शिनीत, उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफीचे पेले घेऊन.

“अक्का, मला माहितीये. सगळ्यांना माहितीये,” तो म्हणाला. “पण वर जाऊन मी काय सांगू? दर्पण चुकतं म्हटलं, तर आपल्या टीमचे नंबर सुधारलेत तेही चुकीचेच ठरतात ना?”

“ते माझ्यामुळं सुधारलेत.”

“तेच तर म्हणतोय मी.”

त्यानं पेला रिकामा केला आणि तिच्याकडं न बघता खिशात फोन शोधायला लागला. वाईट माणूस नव्हता तो. सर्जापूर रोडला घर घेतलेलं, बायको घरी, पोरगं शाळेत घातलेलं. असल्या माणसांच्या भित्रेपणावरच तुमचा डोलारा उभा आहे, आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक आहे.

घरी श्यामलानं काही सांगितलं नाही. विश्वासरावांची मूत्रपिंडं गेलेली होती. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, आणि त्याचा सगळा भार कंपनीच्या विम्याच्या कार्डावर. नोकरी गेली की विमा गेला. नवा विमा त्यांच्या वयाला आणि त्यांच्या आजाराला कुणी देत नाही; तिनं विचारून पाहिलं होतं, दोन विमा कंपन्यांनी फोनच ठेवला होता. त्रेचाळीसच्या बाईला, डोक्यावर ‘कामात हळू’ असा शिक्का घेऊन, या गावात नवी नोकरी किती दिवसांत मिळते तेही तिनं इतरांचं बघितलं होतं. तोवर अप्पांचं काय? एवढा एकच प्रश्न होता तिच्यापुढं. नामुष्की, अन्याय, ते सगळं त्याच्या मागून.

त्या शनिवारी ती त्यांच्या पलंगाशी बसली होती. नळीतून रक्त बाहेर जात होतं, धुऊन परत येत होतं. म्हातारा मजेत होता.

“कार्ड चालतंय न्हवं, अक्का?”

“चालतंय, अप्पा.”

“सरी, बरं झालं. मग तुझ्या साहेबाला नमस्कार सांग माझा. म्हणावं, तुमच्यामुळं म्हातारं धुऊन निघतंय.”

ती हसली. नर्सही हसली. श्यामला उठून बाहेर गेली आणि पाण्याच्या कूलरपाशी उगाच उभी राहिली.

तुम्हाला तिनं पुन्हा लिहिलं. या वेळी अगदी सोप्या भाषेत, बसचं उदाहरण घालून. हेही लिहिलं की मुळात थांबणंच इतकं वाढलंय, कारण गेल्या वर्षी खर्च वाचवायला डेटाबेसचं मशीन निम्म्या ताकदीचं करायचा निर्णय झाला. कुणाचा निर्णय, ते लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती, त्या निर्णयाबद्दल तुम्हाला बक्षीस मिळालं होतं. तुमचं उत्तर आलं: छान निरीक्षण, कधीतरी निवांत बोलू.

कधीतरी आलंच नाही. तेव्हा तिनं ठरवलं, कोहळा काढून टाकायचा. तिचं फंक्शन, तिचं नाव, तिचा हक्क. आधी आपल्या मशीनवर तिनं सगळे कोहळे उतरवले आणि दर्पण चालवलं. वेळ पुन्हा पुढच्या प्रवाशावर गेला. पडद्यावर नाव आलं स्मृतीचं.

स्मृती नागपूरची. पहिलीच नोकरी, अजून कायम झालेली नाही, समोरच्याच खुर्चीवर बसलेली. कानात गाणी, हातात पोह्यांचा डबा. पोरीचं कोड नीट होतं, श्यामलानंच तपासलेलं. ती फक्त डेटाबेसनंतरच्या स्टॉपवर चढत होती. श्यामला पडद्यावरून समोरच्या खुर्चीकडं बघायला लागली. स्मृतीनं मान वर करून विचारलं, काय झालं मॅम, पोहे घेता का थोडे?

तिनं पोहे घेतले. कोहळे परत टांगले.

हे कुणी मोठेपणा म्हणून वाचू नये. त्या दिवशी तिला स्मृतीचा रागच आला होता. आपण अप्पांना एका पोरीपायी मारतोय असं तिच्या मनात आलं, आणि ते तिला दिवसभर सोडेना. पण तिच्या हाताला जमलं नाही. माणसाचे हात कधी कधी त्याच्या फायद्याचं ऐकत नाहीत, त्याला इलाज नाही.

मग तिला तिसरी वाट दिसली. वेळ कुणाच्या तरी नावावर पडणार हे नक्की, तर तो ज्याचा आहे त्याच्याच नावावर पडू दे. तिनं कोहळा उघडला, डोक्यावरचं आपलं नाव खोडलं आणि तिथं तुमचं घातलं. बाकी एक अक्षर हलवलं नाही. कोहळ्यातले बदल कुणी वाचत नसे. क्षितिजनं नेहमीसारखा न वाचता होकार दिला.

सोमवारी सकाळी सगळ्या कंपनीत सर्वांत महाग माणूस तुम्ही होतात.

काय हसलं ते ऑफिस! पँट्रीपर्यंत आवाज गेला. कुणीतरी पडद्याचा फोटो काढला, कुणीतरी टाळी वाजवली, स्मृतीनं तोंडावर ओढणी धरली. अहवालात पहिल्यांदाच खरं लिहून आलं होतं, आणि ते सगळ्यांना एका नजरेत कळलं होतं. क्षितिज तेवढा हसला नाही. तो आपण दिलेला होकार उघडून वाचत बसला.

दुपार झाली नव्हती तोवर दर्पणची नवी आवृत्ती आली. तीन वर्षं ज्याला कुणाला वेळ मिळाला नव्हता ते काम जेवणाआधी उरकलं. श्यामलाला क्षणभर खरंच वाटलं की दुरुस्त झालं. तिनं नवी आवृत्ती उघडून बदल वाचला. एकच ओळ होती. मालकाच्या जागी तुमचं नाव असेल, तर तो वेळ मोजू नये.

बस, एवढंच. खोड तशीच, सिग्नल तसाच, फक्त एका प्रवाशाला तिकीट माफ. संध्याकाळच्या आत कोहळ्याच्या डोक्यावर पुन्हा श्यामला राव आलं. ते परत घालणाऱ्याच्या नोंदीत क्षितिजचं नाव होतं. तो जिन्यात तिला भेटला तेव्हा म्हणाला की सॉरी अक्का, सांगितलं तसं केलं. ती म्हणाली, कळलं. दुसरं काय म्हणणार होती?

तिला बोलावणं आलं आयुधपूजेच्या आदल्या दिवशी. माणसांचा विभाग सांभाळणारी शाल्मली, मुंबईची, आवाज मधासारखा. श्यामलापुढं पाण्याचा ग्लास ठेवून तिनं सांगितलं की यात पर्सनल काहीच नाही, आकडेच तसे आहेत, शिवाय मालकाचं नाव बदलणं म्हणजे नोंदींशी छेडछाड होते. विमा या महिन्याअखेरपर्यंत राहील.

श्यामला ओरडली नाही. रडेल असं शाल्मलीला वाटलं असावं, कारण टिश्यूचा डबा तिनं आधीच जवळ सरकवून ठेवला होता.

“मला एकच सांगा,” श्यामला म्हणाली. “तो वेळ कुणाचा होता?”

“कुठला वेळ?”

“कोहळ्याच्या अंगावर टाकलेला. माझं फंक्शन दहापर्यंत मोजतं. बाकीचा कुणाचा?”

शाल्मलीनं पापण्या मिटून उघडल्या. “मी चेक करते आणि मेल करते तुम्हाला.”

मेल आला नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप परत करायला श्यामला ऑफिसात आली. घरी तिनं सांगितलं होतं, पूजेला जातेय, प्रसाद घेऊन येते. विश्वासराव म्हणाले होते की साहेबांना नमस्कार विसरू नको. खाली स्वागतकक्षात लांब टेबलावर सगळ्यांचे लॅपटॉप ओळीनं मांडलेले, मधे मधे झेंडू. लॅपटॉप घेणाऱ्या माणसाला तो ठेवायला दुसरी जागा दिसेना, म्हणून त्यानं तिचाही त्याच ओळीत ठेवला. भटजींनी त्यालाही हळदकुंकू लावलं. काल काढून टाकलेल्या बाईचं हत्यार आज पुजलं जात होतं आणि ती गर्दीच्या कडेला रिकाम्या हातांनी उभी होती. स्मृती शेजारी येऊन उभी राहिली आणि नाक पुसत निघून गेली. अक्काला काढल्याचं पोरीला कुणीतरी सांगितलं असावं.

मग सगळे फाटकाबाहेर आले. सिक्युरिटीच्या माणसानं कोहळा उचलला, इमारतीवरून ओवाळला, तुमच्या गाडीवरून ओवाळला. तुम्ही पुढंच उभे होतात, कपाळाला कुंकू, अंगात नवा सदरा. कोहळा फुटला. लाल पाणी तुमच्या बुटांवर येऊ नये म्हणून तुम्ही एक पाऊल मागं सरलात, आणि मागं ती होती.

“वडिलांनी नमस्कार सांगितलाय,” श्यामला म्हणाली.

तुम्ही हसलात. ही कोण ते तुम्हाला आठवत नव्हतं, किंवा आठवत असूनही तुम्ही तसं दाखवलंत. मग तिनं विचारलं. त्याच शब्दांत, शांतपणे, शेजारच्या दहाजणांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तो वेळ कुणाचा होता, सर?

तुम्ही खिशातून फोन काढलात, कानाला लावलात, आणि महत्त्वाचा फोन आहे अशी खूण करत गाडीकडं वळलात. क्षितिज खाली मान घालून उभा होता. कुणीतरी झाडू आणायला धावलं, कारण दुचाक्या घसरतात त्यावर.

फोनचा पडदा काळा होता. तिनं बघितलं. पलीकडं कुणी नव्हतं.

महिनाअखेर आली, विमा संपला. चामराजपेटेतला म्हातारा अजून डायलिसिसचा दिवस आला की सकाळीच कपडे करून बसतो आणि कार्ड चालतंय न्हवं म्हणून विचारतो. तेव्हा फोन खाली ठेवा. गाडीत बसण्याआधी, दहाजणांसमोर, सांगा: तो वेळ कुणाचा होता?